अठ्ठाविसांपैकी अठ्ठावीस

३ तारीख, सोमवार

आजपासून ही वही. पॅकिंग खात्यात अकरा वर्षं रोजची नोंद ठेवली, ती सवय सुटत नाही. तिथे खोकी होती, इथे मुलं आहेत, एवढाच काय तो फरक, असं आज सकाळपर्यंत वाटत होतं.

कारखान्यात मशीन आलं आणि आमचं खातं बंद झालं. मग संध्याकाळच्या वर्गांना बसून परीक्षा दिली आणि सदतिसाव्या वर्षी मास्तर झालो. पहिलीचा वर्ग, अठ्ठावीस पोरं. आधीच्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या. का गेल्या ते कुणी सांगत नाही, पण आज दुपारपर्यंत मला न सांगता कळलं. एक रडायला लागला म्हणून दुसरी रडली, दुसरी रडली म्हणून तिसऱ्याने तिला आपली बाटली दिली आणि ती तिच्याच दप्तरात सांडली. मधल्या सुट्टीनंतर दोघं सापडेनात. एक शेजारच्या वर्गात बसून मजेत चित्र काढत होता, दुसरी जिन्याखालच्या मोरीत होती. शोधाशोधीत वीस मिनिटं गेली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात येऊन उभ्या राहिल्या. घड्याळ बघितलं आणि गेल्या.

नेमणूक तात्पुरती आहे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला तपासणी अधिकारी येऊन वर्ग बघणार, मग मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. या वयात तिसरं काम शोधायची माझी हिंमत नाही. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

बायको तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी कुणी बुडालं नाही ना? मग झालं तर."

४ तारीख, मंगळवार

पद्धत हवी. पद्धत नसली की माणूस ओरडतो, आणि ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

शाळा सुटल्यावर दोन तास थांबून वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पिवळ्या रंगाने पावलं काढली. अठ्ठावीस जोड्या, एकामागे एक. प्रत्येक मुलाला एक आकडा. रांगेत आपल्या पावलांवर उभं राहायचं आणि पुढून आपला आकडा सांगायचा. अठ्ठावीसपर्यंत आलं की दार उघडणार. शिपाईमावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "सर, पोरं रंगवायची राहिली की." माझी पँट गुडघ्यापासून खाली पिवळी झाली होती.

७ तारीख, शुक्रवार

तीन दिवस फक्त सराव. अक्षर नाही, अंक नाही. दप्तर खुंटीला, बाटली क्रेटमध्ये, वही ट्रेमध्ये. चुकलं की पुन्हा.

घंटा वाजली की 'पुतळा'. जिथे असाल तिथे थांबायचं, दोन्ही हात डोक्यावर, आणि मी "चला" म्हणेपर्यंत हलायचं नाही. हा नियम पोरांना खेळ वाटतो, त्यामुळे लगेच बसला. आज मैदानावर घंटा झाली तेव्हा सतरा नंबरची नळावर हात धूत होती. तशीच हात डोक्यावर ठेवून उभी राहिली. नळ वाहतोय, बाहीतून पाणी खाली गळतंय, पण ही हलायला तयार नाही. मी तिथवर जाऊन "चला" म्हणालो तेव्हा हलली. तिला सगळ्यांसमोर चांदणी दिली. बाकी कामात मात्र ही गोगलगाय आहे. जिन्याखाली सापडलेली ती हीच.

मोजणी अजून रडतखडत चालते. एखादा आकडा आला नाही की सगळ्यांनी परत एकपासून सुरू करायचं, असं ठरवलंय. वेळ मधल्या सुट्टीतला जातो. आपलं नुकसान झालं की माणूस शिकतो.

११ तारीख, मंगळवार

बोलण्यावर उपाय सापडला. एक बोट वर म्हणजे शू. दोन बोटं म्हणजे पाणी. तीन म्हणजे पेन्सिल हवी. पूर्ण पंजा म्हणजे उत्तर येतंय. रांगेत तर तोंडातून आकड्याशिवाय काहीच नाही. मी मानेने हो-नाही सांगतो. आज सबंध तास मला घसा खाकरावासुद्धा लागला नाही.

घरी बायकोला करून दाखवलं. ती विचारते, "आणि पोट दुखलं तर किती बोटं?"

"तर एक. शूमध्येच धरायचं."

"आणि शेजारच्याने चिमटा काढला तर?"

म्हटलं, चिमटे निघूच नयेत म्हणून तर ही पद्धत आहे. तिने दोन बोटं वर केली. मी मुकाट्याने पाणी आणून दिलं.

१३ तारीख, गुरुवार

आज मोजणी तीनदा परत एकपासून करावी लागली. तिन्ही वेळा सतरा नंबर गायब. मोरीत असते. तिच्या पँटला चार बटणं आहेत आणि तिचा जीव त्या चार बटणांत अडकलेला. सुट्टीतली अकरा मिनिटं गेली. पोरं तिच्याकडे असं बघत होती की मलाच कसंतरी झालं. एकाने तिच्या पायावर पाय दिला. मी बघितलं, पण रांग मोडू नये म्हणून त्या वेळी काही बोललो नाही.

तिच्या पुढे उभी राहणारी सोळा नंबरची चिमुरडी तिखट आहे. मी तिला मनात मिरी म्हणतो. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिच्या 'सोळा'मध्ये एक बारीकशी शिट्टी येते. आज तीच डोळे पुसत होती. का कोण जाणे, ओरडा तर दुसरीला मिळाला होता.

१८ तारीख, मंगळवार

चमत्कार. काल आणि आज एकदाही परत सुरुवात करावी लागली नाही. सुट्टीनंतरची मोजणी चाळीस सेकंदांत. मी रांगेच्या तोंडाशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो, घड्याळ बघतो आणि कानाने मोजतो. पॅकिंगमध्येही असंच करायचो. हात नोंद करतात, कान मोजतात.

सतरा नंबरची सुधारली. वेळेवर आकडा देते. एक गंमत म्हणजे तिच्या 'सतरा'लाही हल्ली शिट्टी येते. म्हणजे हिचेही दात पडले. वयच ते, एकीचे पडले की पाठोपाठ दुसरीचे.

अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात, तसं झालंय.

२१ तारीख, शुक्रवार

शेजारच्या वर्गाच्या बाईंना सव्वीस वर्षं झाली नोकरीला. त्यांचा वर्ग म्हणजे बाजार. कोणी उलटं बसलंय, कोणी बाईंच्या ओढणीला लोंबकळतंय. मोजणीबिजणी काही नाही. दारात उभं राहून एकेकाला नावाने हाक मारत आत घेतात, वर गालावर टिचकी. मला मनातून हसू येतं.

आज चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या वर्गात कुणी चुगल्या करत नाही का हो?"

मी अभिमानाने सांगितलं, "नाही. बंदच केलंय ते."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

मी म्हणालो, "काय कळायचंय?"

त्यांनी कप विसळला आणि गेल्या. हे जुने लोक नव्या पद्धतीकडे जरा वाकड्या नजरेनेच बघतात. तरी प्रश्न दुपारभर डोक्यात होता.

२७ तारीख, गुरुवार

आज जरा भडकलो. सुट्टीनंतर मोजणी पूर्ण, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. सगळे आत आले, फळ्यावर तारीख लिहून मागे वळतो, तर सतरा नंबरची दारात. बाह्या ओल्या, एक बटण भलत्याच काजात.

"कुठे गेली होतीस?"

"मी आत्ताच आले, सर."

"रांगेत होतीस ना? आकडा दिलास ना?"

ती मिरीकडे बघायला लागली. मिरी बाकाखाली पेन्सिल शोधत होती. बाकी वर्ग आपापल्या वह्यांत डोकं घालून बसला. म्हणजे ही बाई आकडा देते, आत शिरताना रांगेतून सटकते आणि वर तोंड करून आत्ताच आले सांगते. एवढ्याशा जिवाला एवढं सुचतं! तिची चांदणी काढून घेतली. उद्यापासून आत शिरताना पुढच्याच्या शर्टाचं टोक धरायचं, असा नवा नियम केला.

ती रडली नाही. हात डोक्यावर ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, घंटा झालेली नाही, बस.

१ तारीख, मंगळवार

नऊ तारखेला साडेअकराला आगीचा सराव ठेवलाय, अधिकाऱ्यांसमोर. सगळी शाळा मैदानात काढायची. आज रंगीत तालीम झाली. माझा वर्ग एक मिनिट पन्नास सेकंदांत भिंतीपाशी, मोजणीसकट. शेजारच्या बाईंना पाच मिनिटं लागली आणि त्यांचं एक पोर चप्पल आणायला परत पळालं. मोठ्या बाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

घरी आल्यावर बायकोशी खटका उडाला. तिने सहज विचारलं, "तू मोजतोस कसा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही डोकी मोजतो. आवाज नाही."

"तुमच्याकडे पाणी असतं."

"पाण्याचा प्रश्न नाही रे. आरडाओरडा करणाऱ्याची मला काळजी नसते. जो बुडतो ना, तो एकदम गप्प असतो."

मी म्हणालो, माझा वर्ग बुडत नाहीये, तरतोय. नऊ तारखेपर्यंत तरी मला पोहायला शिकवू नकोस.  जेवताना मी दोन बोटं वर केली तर तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

८ तारीख, मंगळवार

उद्या. शर्ट इस्त्री केला. पावलांचा रंग उडाला होता तिथे पुन्हा हात फिरवला.  पद्धत पक्की आहे, पोरं पक्की आहेत, तरी स्टॉपवॉच दोनदा तपासून पिशवीत ठेवलं.

९ तारीख, बुधवार

 क्रमाने लिहितो.

दहाला अधिकारी आले आणि मागच्या बाकावर बसले. तपकिरी फाईल, बारीक अक्षर. वर्ग सुतासारखा सरळ चालला. दहा पन्नासला सतरा नंबरने एक बोट वर केलं. मी मान हलवली, ती गेली. अधिकाऱ्यांनी फाईलमध्ये काहीतरी टिपलं. ते काय टिपतात याकडेच माझं लक्ष होतं. तिचा मला तिथेच विसर पडला.

दहा छप्पनला घंटा झाली आणि थांबेचना. सराव साडेअकराला होता. मला वाटलं, मोठ्या बाईंनी मुद्दाम अलीकडे घेतला. सत्तावीस पुतळे, हात डोक्यावर. मी म्हटलं, "चला." व्हरांड्यात मोजणी एकोणीस सेकंदांत. मैदानाच्या भिंतीपाशी पुन्हा मोजणी. एकूण एक मिनिट बत्तीस. माझ्या हयातीतला सगळ्यात चांगला वेळ.

मोठ्या बाई यादी घेऊन धावत आल्या. "पहिली?"

मी म्हणालो, "अठ्ठाविसांपैकी अठ्ठावीस." हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने, खणखणीत.

त्यांनी खूण केली आणि पुढे गेल्या. अधिकारी माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "शाब्बास." आणि त्याच वेळी मला दिसलं की जिन्याच्या बाजूने धूर येतोय. सराव नव्हताच. जिन्याखाली सामानाची खोली आहे, तिथल्या विजेच्या बोर्डाने पेट घेतला होता. कुणीतरी अग्निशमनवाल्यांना फोनवर सांगत होतं, "नाही, नाही, मुलं सगळी बाहेर आहेत."

मिरीने एक बोट वर केलं.

मी मान हलवली, आत्ता नाही. तिने बोट खाली घेतलं नाही. मी डोळे वटारले. मग अठराने एक बोट वर केलं. मग एकोणीसने. मग मागची सगळी रांग, बारा-तेरा पोरं, तोंडातून शब्द नाही आणि प्रत्येकाचं एक बोट वर. अधिकाऱ्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना एकदम शूला लागली? दटावायला म्हणून मी रांगेच्या बाजूने मागे चालत गेलो. इतक्या आठवड्यांत रांगेच्या बाजूने मी पहिल्यांदाच चाललो. चौदा, पंधरा, सोळा, अठरा.

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात, ते हे.

मिरीचं बोट अजून वर होतं.  मी खाली वाकलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, बोलू?"

मी म्हणालो, "बोल, बोल गं."

"ती शूला गेलीय."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मोठ्या बाई मागून ओरडत होत्या. व्हरांड्यात धूर छातीएवढ्या उंचीवर होता, मी वाकून पळालो, पिवळी पावलं तेवढी दिसत होती. मोरीचं दार पायाने ढकललं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, खोकत होती, आणि दोन्ही हात डोक्यावर. दार आतून लावलेलं नव्हतं. बाहेरची वाट दहा पावलांवर होती. ती सहा-सात मिनिटं तिथे उभी राहून माझ्या "चला"ची वाट बघत होती.

मी "चला" म्हणालो. ती लगेच हलली. तिला उचललं तेव्हा माझ्या मानेशी खोकत म्हणाली, "सर, मी हलले नाही."

१० तारीख, गुरुवार

शाळेला सुट्टी. तिला रात्रभर रुग्णालयात ठेवलं होतं, सकाळी भेटून आलो. छाती साफ आहे, घसा सुजलाय, दोन दिवसांत घरी सोडतील. देव पावला.

तिची आई माझ्या पायाच पडायला आली. तिच्या मामाने प्रसाद घ्यावा तसा माझा हात दोन्ही हातांत धरला, "सर, तुम्ही होतात म्हणून." बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बाईलाही ते सांगत होते, हेच ते सर, आगीत शिरले. मी मान खाली घालून उभा. त्यांना तो विनय वाटला.

डॉक्टरीणबाई टॉर्च घेऊन आल्या. "आ कर बघू मोठा." तिने आ केला. मी पलंगाशीच होतो. वर-खाली बारीक, पांढऱ्या दातांची ओळ. सगळे जागच्या जागी. एकही पडलेला नाही.

मी खुर्चीवर बसलो. डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, चक्कर येतेय का.

११ तारीख, शुक्रवार

मोठ्या बाईंनी बोलावून छापील अर्ज दिला. घटनेचा अहवाल, सोमवारी द्यायचा. एक रकाना आहे: 'मोजणीत चूक कशी झाली?' त्यांनी दार लावून घेतलं आणि समजुतीने म्हणाल्या, "सर, जे झालं तेच लिहा. एका मुलीने खोटा आकडा सांगितला. अधिकाऱ्यांचं तुमच्याबद्दल मत चांगलं आहे, त्यात तुम्ही पोरीला बाहेर काढलंत. उगाच पराचा कावळा करू नका."

आणि त्यात खोटं काही नाही, हीच तर पंचाईत. शब्दन् शब्द खरा आहे.

वर्गात गेलो. मिरी कोपऱ्यात बसून होती, बुधवारपासून ती घरीही बोलली नाही, असं तिचे आजोबा सकाळी दारात सांगून गेले. मी फरशीवर बसलो. शेजारच्या बाई बसतात तसा. गुडघे कुरकुरले, दोन पोरं हसली.

मी विचारलं, "तिचा आकडा तू सांगायचीस?"

तिने मान हलवली. मग एकदम सुरू झाली, नळ सुटावा तशी. "तिला बटणं लागत नाहीत. मग तुम्ही परत एकपासून करता. मग सगळे तिला मारतात. मी तिच्या आवाजात म्हणते. तुम्हाला कळत नाही."

"आणि बाकीच्यांना? कुणाकुणाला माहीत होतं?"

सव्वीस पंजे वर झाले. पूर्ण पंजे, उत्तर येतंय तेव्हा करतात तसे.

"मग मला कुणी सांगितलं का नाही रे?"

अठरा नंबरचा जरा विचार करून म्हणाला, "त्याला बोट नव्हतं, सर."

घरी येऊन बायकोला सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं' असं ती म्हणेल म्हणून तयारीत होतो. ती तसं काही म्हणाली नाही. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "इतक्या पद्धती बसवल्यास. त्या पोरीला बटण लावायला कुणी शिकवलं का?"

मला रडू आलं. लपवलं नाही.

१४ तारीख, सोमवार

शनिवार-रविवार त्या एका रकान्यावर गेला. चार कागद फाडले. एकावर 'विद्यार्थिनी क्रमांक सोळा' असं लिहूनही झालं होतं, झोकदार अक्षरात. ते वाचलं आणि तिची "सर, बोलू?" आठवली. जळत्या इमारतीसमोर उभी राहून सहा वर्षांची पोर माझी परवानगी मागत होती.

शेवटी लिहिलं ते असं: 'मोजणीत एक आकडा कमी आला की सर्वांची सुट्टी कापायची, ही पद्धत मी लावली. त्यामुळे मुलांनी आकडा कमी येऊ देणं बंद केलं. मी मुलांकडे न बघता घड्याळाकडे बघून मोजत होतो. सतरा क्रमांकाला बाहेर मीच पाठवलं होतं आणि विसरलो. घंटा झाल्यावर हलायचं नाही, हेही मीच शिकवलं. सगळी मुलं बाहेर आहेत हे विधान माझं आहे. मुलांनी मला सांगायचा प्रयत्न केला, तो मी दटावून थांबवला. कोणत्याही मुलाची चूक नाही.'

मोठ्या बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे असंच पाठवू?"

"हो."

"सर, तुमच्या कायम होण्याचं..."

म्हटलं, माहीत आहे.

२२ तारीख, मंगळवार

उत्तर आलं. कायम नाही. नारळही नाही. आणखी सहा महिने तात्पुरते, मग पुन्हा तपासणी. अधिकाऱ्यांनी खाली त्या बारीक अक्षरात एक ओळ लिहिलीय, 'मी स्वतः शेजारी उभा होतो, मीही मोजले नाही.' सगळ्या शाळांना डोकी मोजायचा आदेश निघणार आहे म्हणे. बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणणार होतो, पण बैल गेला नाही. थोडक्यात वाचला.

गेला आठवडाभर नियम मोडायचा सराव चाललाय, आणि तो बसवण्यापेक्षा अवघड आहे. घंटा मोठी आणि लांब झाली की पुतळा नाही, बाहेर पळायचं. 'सर, ऐका!' असं कधीही, कुठेही, कितीही मोठ्याने ओरडायचं, त्याला बोट नाही. पहिल्या दिवशी कुणी ओरडेचना. मग चिमट्यांपासून सुरुवात झाली आणि आता दिवसाला चाळीस 'ऐका' होतात. डोकं उठतं. शेजारच्या बाई दारातून जाताना म्हणाल्या, "आता कसा वर्ग वाटतो." मिरी अजून ओरडत नाही. रांगेत आकडा सांगते, तोही पुटपुटत. मी चालत जातो, तिच्या तोंडाकडे बघतो, ती खाली बघते.

२४ तारीख, गुरुवार

सतरा नंबरची आजपासून शाळेत. आईने तिच्या पँटला इलास्टिक लावून देते म्हटलं होतं. तिने नको सांगितलं. घरी बसून बटणं शिकलीय म्हणे.

मधली सुट्टी संपली. रांग लागली. मी पुढून चालायला लागलो, एकेका चेहऱ्याकडे बघत. स्टॉपवॉच घरी ड्रॉवरमध्ये आहे. पंधरा झाला. मिरी म्हणाली, "सोळा." शिट्टीसकट.

तिच्या मागची पिवळी पावलं रिकामी होती.

मिरीने माझ्याकडे बघितलं. तिचा ओठ हलला, मी बघितला. अठरा नंबरच्या पोराने तोंड उघडलं आणि मिटलं.  इतक्यात मिरीने दोन्ही मुठी आवळल्या आणि सगळा व्हरांडा दणाणेल अशी ओरडली, "सर, ऐका! सतरा आली नाहीये! ती मोरीत आहे!"

"ऐकलं," मी म्हणालो. "थांबू या."

थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. शेजारचा वर्ग आत जाऊन बसलासुद्धा. मोठ्या बाई व्हरांड्याच्या टोकाला आल्या, घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. रांगेत थोडी ढकलाढकली झाली, कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. कुणी तिच्यावर चिडलं नाही, कारण कुणाचं काही कापलं जाणार नव्हतं.

चौथ्या मिनिटाला ती आली. रमतगमत, बाह्या ओल्या. चारही बटणं लावलेली, चारही बरोबर काजात. सगळ्यांना दिसावीत म्हणून शर्ट वर धरून चालत होती. आपल्या पावलांवर नीट पाय ठेवून उभी राहिली, मिरीच्या शर्टाचं टोक धरलं आणि म्हणाली, "सतरा."

शिट्टी नव्हती.

मग अठराने आपला आकडा सांगितला.